जलरंगातलं निसर्गचित्र वाचताना आधी पाणी कुठे होतं ते पाहा

तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून चित्र असं दिसतं: अर्ध्या इम्पीरियल कागदावरचं, म्हणजे साधारण 38 बाय 56 सेंटिमीटरचं, नदीकाठचं दृश्य. डावीकडे झाडांचा गडद पुंजका, समोरचा तीर फिकट निळसर-जांभळा, मधे पाणी आणि पाण्यावर तीन-चार ठिकाणी कोरा कागद. काठाशी दोन छोटे उभे ठिपके, त्यांच्याजवळ पांढरट होडी. वर उजवीकडे आकाशात कातरलेल्या कडेचा एक डाग, खाली डाव्या कोपऱ्यात गवत. सही वाचता येत नाही आणि तारीख नाही. तुमचे प्रश्न चार आहेत: चित्रकाराला एकटेपण दाखवायचं आहे का, ते ठिपके माणसं आहेत का, कोरा भाग अपुरा राहिला का, आणि आकाशातला डाग चूक आहे की मुद्दाम ठेवलेला.

एकटेपणाचा प्रश्न मी शेवटाकडे घेतो. भावनेपासून सुरुवात केली की डोळे त्या भावनेचेच पुरावे गोळा करू लागतात. जलरंगाच्या बाबतीत मी आधी हे पाहतो: या कागदावर पाणी कधी, कुठे आणि किती होतं? तैलरंगात आज लावलेला रंग उद्या खरवडता येतो, त्यावर दुसरा चढवता येतो. जलरंगात कागद वाळत असतानाच निर्णय घ्यावे लागतात आणि बहुतेक निर्णय कागदावर तसेच राहतात. चित्रकाराने कशाला महत्त्व दिलं, कुठे घाई केली, कुठे थांबून राहिला, हे कडांमधून आणि थरांमधून वाचता येतं. प्रतीकं शोधण्यापेक्षा हा पुरावा कितीतरी भरवशाचा.

सुरुवात मात्र दुरून करा. चित्र भिंतीला टेकवा, चार पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा. तपशील विरघळतात आणि उजेड-अंधाराचे मोजके आकार उरतात. सगळ्यांत उजळ जागा सगळ्यांत गडद जागेला कुठे भिडते, ते पाहा. चित्राचा विषय बहुतेक वेळा तिथेच असतो, मग दृश्यात नावाने ओळखता येण्यासारख्या कितीही गोष्टी असोत. तुमच्या चित्रात ही जागा माणसांपाशी किंवा होडीपाशी नाही. ती झाडांच्या खाली पाण्यात आहे, जिथे कोऱ्या कागदाचे तुकडे गडद प्रतिबिंबाला खेटून आहेत. हे पाण्यावरच्या उजेडाचं चित्र आहे, नदीकाठच्या माणसांचं नाही.

हीच तपासणी फोनवर फोटो कृष्णधवल करूनही करता येते, आणि त्यातून आणखी एक गोष्ट कळते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं 1872 सालचं 'इम्प्रेशन, सनराइज' आठवा. ल आव्र बंदरावरच्या त्या चित्रात नारिंगी सूर्य डोळ्यांत भरतो. पण चित्र कृष्णधवल केलं की तो जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याची उजळता भोवतालच्या करड्या आकाशाएवढीच आहे. तो सूर्य केवळ रंगाच्या जोरावर तळपतो. तुमच्या चित्रातल्या खोडांवरचा पिवळाही तसाच आहे: कृष्णधवल फोटोत तो पुसला जातो आणि पाण्यावरचे पांढरे तुकडे आणखी उठून दिसतात. म्हणजे चित्रकाराने टोनचा, म्हणजे उजेड-अंधाराच्या फरकाचा, सगळा जोर पाण्याला दिला आहे आणि झाडांना फक्त रंगाची ऊब दिली आहे. दोन्हीकडे सारखाच जोर दिला असता तर नजर दोन ठिकाणी ओढली गेली असती.

आता कोऱ्या कागदाकडे येऊ, कारण जलरंगचित्राचा अर्थ लावताना मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच जागा. मोने आणि त्यांचे चित्रकार मित्र रन्वार यांनी 1869 मध्ये सेन नदीवरच्या ला ग्रनुयेर या स्नानाच्या ठिकाणी बसून पाण्यावरचे कवडसे रंगवले, ते तैलरंगात. तिथे गडद पाणी आधी रंगवून त्यावर जाड, फिकट रंगाचे आडवे फटकारे शेवटी देता येतात. पारदर्शक जलरंगात हे जमत नाही. डिंकात घोटलेल्या रंगाचा पातळ थर कागदावर बसतो, उजेड त्या थरातून आत जातो, कागदाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा थरातून बाहेर येतो. इथे उजेड रंगाच्या खाली असतो. म्हणून चित्रातली सगळ्यांत उजळ जागा ब्रश पाण्यात बुडवण्याआधीच ठरवून ठेवावी लागते. पाण्यावरचे ते तुकडे कोरे राहिले ते शेवटी काही करायचं राहून गेलं म्हणून नव्हे. चित्रकाराने सर्वांत आधी ठरवलं असेल तर तेच.

हे मी फोटोवरून सांगतो आहे. तुमच्या हाती मूळ चित्र आहे, तेव्हा खात्री करून घ्या. खोली अंधारी करा आणि टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरून एका बाजूने उजेड टाका. मुद्दाम राखलेला पांढरा कागद भोवतालच्या कागदाच्या पातळीतच दिसेल आणि त्याच्या कडा बाहेरून येणाऱ्या फटकाऱ्यांनी ठरलेल्या असतील: एकीकडे ब्रशच्या पोटाचा गोलवा, दुसरीकडे टोकाची अणी. मास्किंग फ्लुइड (रंग अडवणारा, नंतर सोलून काढता येणारा रबरी द्रव) लावून राखलेल्या जागेच्या कडा सगळीकडून सारख्याच धारदार असतात आणि रंग त्या कडेशी थोडा साचलेला दिसतो. पात्याने खरवडून काढलेल्या जागी कागदाचे तंतू उसवलेले असतात. इंग्लिश चित्रकार टर्नर यांनी आपल्या जलरंगांत असं खरवडकाम भरपूर केलं आहे, त्यामुळे खरवडणं म्हणजे लबाडी असं समजू नका. आणि अपारदर्शक पांढरा वरून लावला असेल, तर तो खडूसारखा बिनचमक दिसतो, बाजूच्या उजेडात किंचित उंच उठतो आणि कागदाच्या पांढऱ्याहून थंड वाटतो. जस्ताचा 'चायनीज व्हाइट' विन्सर अँड न्यूटन यांनी 1834 मध्ये बाजारात आणला, तेव्हापासून तो जलरंगकारांच्या हाताशी आहे. अमेरिकन चित्रकार सार्जंट यांच्या जलरंगांत राखलेला कागद, अपारदर्शक पांढरा आणि मेणाने अडवलेला रंग हे तिन्ही भेटतात. प्रश्न शुद्धतेचा नाही. कोणता पांढरा आधी ठरला आणि कोणता नंतर सुचला, हे कळलं की चित्रकाराच्या मनात काय पक्कं होतं ते कळतं.

अपुरेपणाबद्दल इथेच सांगून टाकतो. फ्रेंच चित्रकार सेझान यांच्या अखेरच्या वर्षांतले माँ सँत-व्हिक्तोआर डोंगराचे जलरंग पाहिलेत तर कागदाचा मोठा भाग कोरा आहे, पेन्सिलच्या रेषा उघड्या आहेत आणि रंगाचे थोडेच पारदर्शक तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत. डोंगर तरीही भक्कम उभा आहे. जलरंगात काम पुरं झालं की नाही ते कागद किती झाकला यावर ठरत नाही. जागा, उजेड आणि वजन लागलं की काम झालं.

कडांची गोष्ट मला सविस्तर सांगायला हवी, कारण तुम्ही ज्याला धूसरपणा म्हणता तो एका प्रकारचा नाही. ओल्या कागदाची मी ढोबळमानाने तीन रूपं धरतो. पाणी चमकत असतं तेव्हा लावलेला रंग दूरवर पसरतो आणि त्याला कड उरत नाही. चमक गेलेली पण कागद अजून गारसर लागतो, तेव्हा रंग थोडाच पसरतो, आकार टिकतो आणि कड मऊ राहते. कागद पूर्ण वाळल्यावर लावलेल्या रंगाची कड धारदार येते. चौथी शक्यता म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश खडबडीत कागदावरून आडवा ओढणं; मग रंग कागदाच्या उंचवट्यांवरच बसतो आणि खळगे पांढरे चमकत राहतात.

हे माहीत झालं की तुमच्या चित्राचा क्रम उलगडतो. समोरच्या तीराची वरची कड आकाशात विरघळली आहे, खालची मात्र पाण्याशी धारदार आहे. म्हणजे तीर रंगवला तेव्हा आकाश अजून दमट होतं आणि पाण्याची जागा कोरडी होती. तीर आणि आकाश एका दमात झाले आहेत, काही मिनिटांच्या अंतराने. उघड्यावर रंगवणाऱ्याला हे करावंच लागतं: सूर्य तासाला 15 अंश सरकतो, सावल्या त्याच्याबरोबर सरकतात, आणि ऊन-वारा कागद भराभर वाळवतात. डाव्या झाडांच्या कडा मात्र अर्ध्या धारदार, अर्ध्या हरवलेल्या आहेत. जिथे पानांमागे आकाश आहे तिथे धार आहे. जिथे झाडाची सावली काठाच्या सावलीत मिसळते तिथे कडच नाही. ही निवड आहे. सगळ्या कडा मऊ असत्या तर मी म्हटलं असतं की कागद हाताबाहेर गेला. सगळ्या धारदार असत्या तर झाड कातरून चिकटवल्यासारखं दिसलं असतं.

पाण्यातलं प्रतिबिंब आधी उभ्या, मऊ फटकाऱ्यांनी आलं आहे आणि ते वाळल्यावर त्यावर दोनच आडव्या, धारदार रेघा ओढल्या आहेत. पाण्यावर वाऱ्याची हलकी झुळूक फिरते आहे एवढं सांगायला त्या दोन रेघा पुरल्या. गडद झाडाचं प्रतिबिंब झाडाहून किंचित फिकट आहे, हेही बरोबर पाहिलेलं आहे. पाण्यात गडद गोष्टी साधारणपणे थोड्या उजळतात आणि उजळ गोष्टी थोड्या काळवंडतात. ज्याने ही बारकाई राखली त्याने पाण्याकडे खरोखर बघितलं आहे. ठरीव पद्धतीने रंगवणाऱ्याकडून झाड उलटं करून तसंच्या तसं खाली उतरवलं जातं.

आता आकाशातला डाग. पहिला थर अर्धवट वाळलेला असताना त्यात जास्त पाण्याचा ब्रश किंवा थेंब पडला की ते पाणी रंगकण ढकलत बाहेर जातं आणि जिथे थांबतं तिथे कातरलेली गडद कड सोडतं. चित्रकाराने हे आधी योजलं होतं का? माझा अंदाज आहे की नाही. तीर रंगवताना ओला ब्रश वर लागला असावा किंवा कागद कलल्यामुळे कडेला साचलेलं पाणी मागे फिरलं असावं. पण अर्थ लावताना 'मुद्दाम की चुकून' एवढ्यावर थांबू नका. तो डाग ठेवला का, हे विचारा. ओल्या स्पंजने तो सौम्य करता आला असता, किंवा त्यावर ढग रंगवता आला असता. चित्रकाराने यातलं काही केलं नाही, कारण ती कड ढगाच्या काठासारखी बसली आणि उजवीकडच्या रिकाम्या आकाशाला थोडं वजन मिळालं. पाण्याने केलेली गोष्ट चित्राला मानवत असेल तर ती राहू द्यायची, ही जलरंगातली खरी शिस्त आहे. तिला धाडस लागतं.

रंगांकडे वळू. खोडांच्या डाव्या बाजूंना पिवळसर उजेड आहे आणि सावल्या जांभळट असून उजवीकडे लांब पडल्या आहेत. उजेड डावीकडून आणि क्षितिजाजवळून, तिरका येतो आहे, एवढं नक्की. सावलीत काळा किंवा तपकिरी न वापरता जांभळा वापरणं हा इम्प्रेशनिस्टांनी (मोने, रन्वार यांच्या गटाने) रूढ केलेला मार्ग, आणि त्यामागे नुसती हौस नाही. सूर्याचा उजेड पिवळसर असतो तेव्हा सावलीवर निळ्या आभाळाचा उजेड पडतो. शिवाय शेजारचे रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात, म्हणजे पिवळ्याशेजारचा करडा डोळ्याला जांभळट दिसतो. रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी 1839 मध्ये या परिणामाची सविस्तर मांडणी केली आणि पुढे चित्रकारांवर तिचा मोठा प्रभाव पडला. हा उजेड सकाळचा की संध्याकाळचा, हे नदीची दिशा माहीत नसताना केवळ रंगावरून ठरवता येणार नाही. दूरच्या तीरावरचं धुकट सकाळकडे बोट दाखवतं, पण हा पुरावा कच्चा आहे. दमट हवेत दूरच्या गोष्टी कोणत्याही वेळी फिकट आणि निळसर होतात.

रंगांवर फार मोठा निष्कर्ष उभारण्याआधी आणखी एक खबरदारी घ्या. जलरंग उजेडाने विटतात. रसेल आणि ॲबनी यांचा 1888 सालचा अहवाल या विषयावर पहिल्यांदा पद्धतशीर प्रयोग मांडणारा म्हणून ओळखला जातो. जुन्या इंग्लिश जलरंगांत नीळ (इंडिगो) आणि तांबड्या मातीचा रंग मिसळून ढगांचा करडा केला जाई. नीळ उडून जाते, तांबडा उरतो आणि पावसाळी ढग आज गुलाबी दिसतात. अशा आकाशाला 'संध्याकाळची लाली' म्हणून मोकळं होणारे बरेच भेटतात. तुमच्या चित्राच्या आकाशात किंचित गुलाबी झाक आहे, म्हणून चित्र चौकटीतून काढून घ्या (स्वतः जमणार नसेल तर जाणकाराकडून) आणि माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) आड झाकलेली कडेची पट्टी पाहा. तिच्यावर उजेड पडलेला नसतो. तिथला रंग आणि आतला रंग सारखा असेल तर गुलाबी चित्रकाराचा. वेगळा असेल तर काळाचा. कागदावरचे तपकिरी गोल ठिपके कागदाच्या वयाचे आहेत, त्यांना पक्षी समजू नका. मात्र आकाशाच्या निळ्यातला रवाळपणा चित्रकाराच्या रंगाचा आहे. अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि असा दाणेदार पोत येतो.

ते दोन ठिपके माणसं आहेत, याबद्दल मला शंका नाही. वरचा लहान ठिपका आणि खालचा लांबट फटकारा यांच्यामध्ये केसाएवढी फट आहे, ती मानेची. पाय नाहीत, कारण खालचा भाग ओला असतानाच काठाच्या रंगात मिसळू दिला आहे. अनुभवी हात पाय रंगवत बसत नाही. आणखी एक कसोटी लावता येते: बघणारा उभा असेल आणि जमीन सपाट असेल, तर तेवढ्याच उंचीच्या उभ्या माणसांची डोकी जवळ असोत की दूर, क्षितिजाच्या उंचीलाच येतात. इथे त्यांची डोकी क्षितिजाच्या बरीच खाली आहेत. म्हणजे चित्रकार उंच काठावर होता आणि ती दोघं खाली पाण्याशी. तुम्हाला चित्रात जे मोकळं, वरून पाहिल्यासारखं वाटतं त्याचं एक कारण हेच.

आणि आता एकटेपण. माणूस एकटा दाखवायचा असेल तर चित्रकार त्याला भोवतालापासून तोडतो: मागे उजळ जागा ठेवतो, कडा धारदार करतो, बाकीच्या गोष्टी लांब सारतो. इथे उलट घडलं आहे. ती दोघं एकमेकांना लगटून आहेत, खाली काठात मिसळली आहेत आणि त्यांच्यासाठी झाडाच्या सावलीतलाच रंग वापरला आहे. त्यांना जागेपासून वेगळं काढलेलंच नाही. त्यांचं काम दोन प्रकारचं आहे: नदीचं रुंदपण मोजायला माप देणं आणि आडव्या पट्ट्यांच्या या चित्रात एक छोटी उभी खूण ठेवणं. तुम्हाला जाणवलं ते खोटं नाही, पण त्याला मी शांतता म्हणेन. दूरच्या तीराचा टोन आकाशाच्या जवळ आहे, मोठ्या जागा जवळजवळ रिकाम्या आहेत, उजेड-अंधाराचा विरोध एकाच ठिकाणी साठवला आहे. या तीन गोष्टींतून ती शांतता येते, आणि तिन्ही तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता. चित्राबद्दल कोणतीही भावना सांगताना ती कागदावरच्या कुठल्या खुणेतून आली हे दाखवता आलं पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

चित्राचं कौतुक करताना त्याची कमकुवत बाजूही सांगायला हवी. खाली डाव्या कोपऱ्यातलं गवत मला पटत नाही. तिथे निदान तीन थर एकमेकांवर घासले गेले आहेत, रंग मळला आहे आणि काही ठिकाणी कागदाचा पृष्ठभाग उसवलेला दिसतो. सुटी पाती एकेक करून ओढली आहेत, तीही सारख्याच जाडीची. बाकी चित्रात एका फटकाऱ्यात झाडाचा घेर सांगणारा हात इथे अडखळला आहे. अग्रभूमीला 'काहीतरी हवं' असं वाटून ते नंतर घातलं असावं. तो कोपरा हाताने झाका आणि चित्र पाहा. नजर थेट पाण्यावर जाते.

हे चित्र इम्प्रेशनिस्ट म्हणायचं का? पॅरिसमध्ये 1874 च्या एप्रिलमध्ये छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत त्या मंडळींचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांच्यातल्या चित्रकार बेर्त मोरिसो यांनी तैलरंगांबरोबर जलरंगही मांडले होते. त्याआधी डच चित्रकार योंगकिंड उघड्यावर जलरंगात टिपणं करून त्यांवरून स्टुडिओत तैलचित्रं रंगवत, आणि मोने त्यांचं ऋण मानत. म्हणजे जलरंग या दृष्टीला सुरुवातीपासून जवळचा आहे. तुमचं चित्र त्या काळातलं आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधारही नाही. पण वस्तूपेक्षा तिच्यावरचा त्या घटकेचा उजेड रंगवायचा, सावलीत रंग पाहायचा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवून आकार अर्ध्यावर सोडायचा, या तिन्ही बाबतींत ते त्याच घराण्यातलं आहे.

एक गोष्ट फोटोवरून सुटत नाही: होडी. तिची वरची कड मला संशयास्पद गुळगुळीत दिसते. टॉर्चच्या उजेडात होडीचा पांढरा कागदाच्या पातळीत असेल, तर होडी पहिल्यापासून योजलेली होती, आणि मग पाणी, होडी, माणसं ही एक साखळी म्हणून वाचावी लागेल. तो पांढरा वर उठलेला आणि खडूसारखा असेल, तर होडी बहुधा अगदी शेवटी आली, त्या दोन माणसांना तिथे उभं राहायला कारण हवं म्हणून. तसं निघालं तर पाण्यावरच्या उजेडाबद्दल मी वर म्हटलेलं आणखी पक्कं होईल. आधी तेवढं तपासा आणि चौकटीखालच्या पट्टीचा रंग कसा आहे तेही कळवा.